सा, ग, प आणि बिनकामाचा डावा हात

दिवाळीत भाचीकडे कीबोर्ड आला. एकसष्ट पट्ट्यांचा, शेकडो आवाजांचा, आणि बटणं इतकी की पहिले दोन दिवस ती नुसती तीच दाबत बसली. तिसऱ्या दिवशी तो काखेत मारून ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी हजर झाली. सोबत मोबाईलवर एक तक्ता. बारा ओळी, प्रत्येक ओळीत आठ-दहा चित्रं, आणि कुठली पट्टी दाबायची ते दाखवणारे निळे ठिपके.

"मामा, हे सगळं पाठ करायचं?"

मला माझी वही आठवली. पंधराएक वर्षांपूर्वी मीही असाच तक्ता उतरवून घेतला होता आणि त्यातल्या पांढरी एकच्या तेवढ्या चार कॉर्ड घोकल्या होत्या. एका गणेशोत्सवात गायिकाबाई ऐन वेळी म्हणाल्या, "काळी दोन द्या." म्हणजे त्या पट्टीला सा धरून वाजवा. पेटीवर काळी दोन मी झोपेतही वाजवीन. पण त्या दिवशी समोर कीबोर्ड होता. उजवा हात बरोबर गेला, डावा मात्र पांढरी एकच्या चित्रातच अडकून बसला. दुसऱ्या कडव्यापर्यंत कसंबसं रेटलं आणि मग डावा हात गुपचूप मांडीवर ठेवून दिला. तबलजी गालात हसला, ते अजून विसरलेलो नाही.

म्हणून भाचीला पहिलं हेच सांगितलं की तक्ता बंद कर. कॉर्ड पाठ करायची नसते, मोजून बांधायची असते. मोजायला दोनच आकडे लागतात, चार आणि तीन.

आधी कॉर्ड म्हणजे काय ते बघू. तीन किंवा जास्त स्वर एकाच वेळी वाजले की कॉर्ड. आपल्याकडे स्वर एकामागून एक येतात. ग्वाल्हेरच्या गायकीत वाढलेल्या कानाला तर सूर लावायचा, तो वाढवायचा, मग पुढच्यावर जायचं, हेच संगीत. पेटीनंही तीच सवय लावली. युरोपातली मूळची हार्मोनियम पायानं हवा भरून वाजायची, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. आपण ती मांडीसमोर आणली आणि डावा हात भात्याला जुंपला. तोटा झाला असं मी म्हणणार नाही. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांचे पुत्र भैया गणपतराव यांनी याच वाद्यावर ठुमरी अशी वाजवली की त्यांचं नाव आजही निघतं. पण डाव्या हाताला मात्र हवा मारण्याखेरीज काही शिकायला मिळालं नाही. कीबोर्डला भाता नाही. तो हात आता रिकामा आहे, आणि कॉर्ड हे त्याचं काम.

पट्ट्यांची नावं आपली आपल्याला येतातच. पांढरी एक ते पांढरी सात, काळी एक ते काळी पाच, एकूण बारा. त्यानंतर पुन्हा पांढरी एक. इंग्रजी तक्त्यातला सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे दोन, आणि असंच जीपर्यंत, मग ए आणि बी, म्हणजे पांढरी सात. एवढं जुळवलं की कुठलाही तक्ता वाचता येतो. अक्षराशेजारी छोटा एम असेल तर ती मायनर. अक्षर एकटंच असेल तर मेजर.

आता मोजणी. पांढरी एकवर बोट ठेवा. तिथून उजवीकडे, काळी-पांढरी एकही न गाळता, चार घरं पुढे जा. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन. थांबा. तिथून आणखी तीन घरं. पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच. ज्या तीन ठिकाणी बोट टेकलं त्या तीन पट्ट्या एकदम दाबा. ही पांढरी एकची मेजर कॉर्ड झाली. सरगमीत म्हणायचं तर सा, ग, प.

इथे नव्वद टक्के लोक एकच चूक करतात (टक्केवारी माझी, अंदाजाची). ज्या पट्टीवरून निघालो तिलाच 'एक' म्हणतात. 'आजपासून चौथ्या दिवशी' म्हटल्यावर आजचा दिवस धरायचा की नाही यावरून घरात वाद होतात ना, तसंच हे. इथे आजचा दिवस धरायचा नाही. निघाल्याची पट्टी शून्य. दुसरा घोळ होतो पांढरी तीन-चार आणि पांढरी सात-एक या दोन जागी. तिथे मध्ये काळी नाहीच, त्यामुळे शेजारची पांढरी हेच पुढचं घर. डोळा सवयीनं काळी शोधतो आणि हिशेब एकानं चुकतो. भाचीचा पहिल्या दिवशी चार वेळा चुकला.

मग तिला म्हटलं, आता माझी काळी दोन बांध. तिनं मोजलं. पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच. पुढे काळी चार, पांढरी सहा, काळी पाच. म्हणजे काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. दाबली. पंधरा वर्षांपूर्वी मला जी जमली नव्हती ती तिला दहाव्या मिनिटाला सापडली. काळी तीनपासून मोजलं तर तीनही पट्ट्या काळ्या येतात, ते तिनं स्वतःच शोधलं आणि अर्धा तास तीच वाजवत बसली.

मेजर आणि मायनरचा फरक तक्त्यात वेगळ्या चित्रांनी दाखवतात, त्यामुळे उगाच दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटतात. पेटीवाल्याला तो एका वाक्यात कळतो. मेजरमध्ये गांधार, म्हणजे ग, शुद्ध, मायनरमध्ये कोमल. बस. सा आणि प जागचे हलत नाहीत, मधलं बोट एक घर डावीकडे येतं. चार-तीनचं तीन-चार होतं. पांढरी एकवर बसून मधलं बोट पांढरी तीनवरून काळी दोनवर आणा आणि पुन्हा मागे न्या. असं आठ-दहा वेळा करा. उजेडात बसलेल्या माणसावर ढगाची सावली यावी आणि जावी, तसं काहीसं ऐकू येतं. मायनर म्हणजे दुःखी, असं सरसकट सांगितलं जातं ते मला पटत नाही. काफी रागात कोमल गांधार आहे आणि काफीतल्या होऱ्या, म्हणजे होळीची गाणी, काही रडक्या नसतात. लय, शब्द, आवाजाचा पोत, सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

पण हेच तीन स्वर का? पांढरी एक, दोन, तीन एकदम दाबून पाहा. भाचीच्या शब्दांत, "मांजर चालल्यासारखं" वाजतं. सा-ग-प मात्र एकमेकांत मिसळतात. याचं उत्तर आपल्या घरातच असतं, कोपऱ्यात गवसणी घालून ठेवलेलं. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, हे प्रत्येक गाणाऱ्याला गुरूनं कधी ना कधी सांगितलेलं असतं. कुठलीही तार गांधारात लावलेली नसते, तरी तो येतो. कारण तार एकाच वेगानं थरथरत नाही. सबंध तार थरथरते, त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांतही थरथरत असते. तीन भागांचा स्वर म्हणजे वरचा पंचम, पाच भागांचा म्हणजे आणखी वरचा गांधार. चार, पाच आणि सहा भागांचे स्वर ओळीनं घेतले की मिळतात सा, ग आणि प. म्हणजे मेजर कॉर्ड ही काही विलायतेहून आलेली चीज नाही. ती एका षड्जाच्या, म्हणजे साच्या, पोटातच असते. कीबोर्डवर आपण ती तीन बोटांनी बाहेर काढतो, इतकंच.

यात एक मेख आहे, ती लपवत नाही. तानपुऱ्यातला गांधार आणि कीबोर्डचा गांधार तंतोतंत एक नाही. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, कुठूनही सा धरता यावा म्हणून. त्या समान वाटणीत गांधार थोडा चढा होतो. मधल्या पांढरी एकची कंपनं सेकंदाला साधारण २६१.६. तिचा तानपुऱ्यातला गांधार ३२७.० वर यायला हवा, कीबोर्ड देतो ३२९.६. अडीच कंपनांचा फरक, पण सवयीच्या कानाला तो टोचतो. आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली ती काही अंशी याच तक्रारीमुळे, आणि पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आमच्या घरात ज्येष्ठ मंडळी अजून त्या बंदीच्या बाजूनं बोलतात. नवशिक्यानं मात्र या चिंतेत पडू नये.

एक कॉर्ड आली म्हणजे गाणं आलं असं नाही. गाण्याला कॉर्डचं कुटुंब लागतं. ग्वाल्हेरात १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघालं, त्यामागे संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांची दृष्टी होती. त्याच भातखंड्यांनी बिलावल थाट, म्हणजे त्या नावाचा सात स्वरांचा संच, शुद्ध स्वरांचा म्हणून पायाला धरला. पाश्चात्त्यांची मेजर स्केल तीच. हा आपला फायदा. बिलावलचे सात स्वर मांडा आणि प्रत्येकापासून 'एक घ्या, एक सोडा' करत तीन स्वर उचला. सा-ग-प. रे-म-ध. ग-प-नि. म-ध-सा. प-नि-रे. ध-सा-ग. नि-रे-म. प्रत्येकातली घरं मोजली की सा, म आणि प यांच्या कॉर्ड चार-तीनच्या, म्हणजे मेजर निघतात. रे, ग आणि ध यांच्या तीन-चारच्या, म्हणजे मायनर. उरला नि. तो तीन-तीनचा, अवघडलेला, दार अर्धवट उघडं राहिल्यासारखा. त्याला सध्या हात लावू नका.

भाची इथे अडली. "कोमल ग घेतला की मायनर, असं तूच म्हणालास. ध-सा-गमध्ये कोमल कुठंय?" बरोबर प्रश्न. मोजताना प्रत्येक कॉर्डला आपापला सा असतो. धैवताला घटकाभर सा समजा. मग तिथून तीन घरांवरचा खरा षड्ज त्याचा कोमल गांधार होतो. ज्यांनी पेटीवर मूर्च्छना, म्हणजे दुसऱ्याच स्वराला सा मानणं, करून पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. बाकीच्यांनी नुसतं मोजावं, तेही चालतं.

सुरुवातीला तीनच कॉर्ड पुरतात, सा, म आणि प यांच्या. भजनं, आरत्या, साधी गाणी, पुष्कळसं त्यात बसतं. चौथी ध-सा-ग घेतली की बराच मोठा प्रांत हाती आला.

आता खरी मेहनत, हात हलवण्याची. नवशिका सा-ग-प वाजवतो, मग सगळा हात उचलून म-ध-सावर उडी मारतो, मग पुन्हा प-नि-रेवर. प्रत्येक उडीला लय तुटते. त्याची गरजच नाही, कारण कॉर्डमधले स्वर कुठल्याही क्रमानं लावले तरी कॉर्ड तीच राहते. डावी करंगळी सावर, मधलं बोट गवर, अंगठा पवर ठेवा. मची कॉर्ड हवी? करंगळी सावर तशीच राहू दे. तर्जनी मवर आणि अंगठा दोन घरं पुढे, धवर. झाली सा-म-ध. परत मूळ जागी या. आता पची कॉर्ड. अंगठा पवर घट्ट, करंगळी एक घर खाली निवर, मधलं बोट रेवर. नि-रे-प. हात जवळजवळ जागचा हललाच नाही. आणि धची कॉर्ड तर अगदीच स्वस्त. सा-ग तसेच, फक्त प सोडून ध. सा-ग-ध. एका बोटानं मेजरची मायनर होते आणि सबंध खोलीचा रंग बदलतो.

प्रत्येक बदलाआधी स्वतःला विचारा, दोन्ही कॉर्डमध्ये सामाईक स्वर कोणता? ते बोट उचलायचं नाही. भाचीला मी दोन दिवस आवाज बंद ठेवून हेच करायला लावलं. तिला ते शिक्षेसारखं वाटलं, पण तिसऱ्या दिवशी आवाज चालू केला तेव्हा हात आपोआप जात होते. मात्रा मिनिटाला साठ, प्रत्येक कॉर्डला आठ मात्रा, बदल समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. त्याहून घाई नको. आणि हात फार डावीकडे नेऊ नका. एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडून दुसऱ्या पांढरी एकच्या खाली तीन स्वर एकत्र दाबले की आवाज गढूळ होतो. तिथे एकटा सा वाजवा, छान वाटेल.

चालीला कॉर्ड कुठली लावायची? ओळीत समेवर आणि 'खाली'जवळ, म्हणजे केरव्यात पाचव्या मात्रेजवळ, येणारा ठळक स्वर पाहा. तो ज्या कॉर्डमध्ये आहे ती लावून बघा. मधले येता-जाताचे स्वर मोजू नका. आठ मात्रांच्या केरव्याच्या चार आवर्तनांची ही घरगुती ओळ घ्या. रेघ म्हणजे आधीचा स्वर तेवढी मात्रा लांबवायचा.

सा – ग ग प – ग –
म – ध ध सां – ध –
प – म ग रे – नि रे
ग – रे – सा – – –

पहिल्या आवर्तनात सगळेच सा-ग-पचे स्वर, प्रश्नच नाही. दुसऱ्यात म, ध आणि वरचा सा, म्हणजे मची कॉर्ड. तिसरं पवर सुरू होतं आणि रे-निशी थांबतं, तेव्हा पची. त्यातले म-ग वाटेतले प्रवासी, त्यांच्यासाठी गाडी थांबवायची नाही. चौथ्यात सावर परत. आता गंमत म्हणून चौथ्याला साच्या ऐवजी धची कॉर्ड लावा. ग आणि सा दोन्ही तिच्यातही आहेत, म्हणून चुकीचं वाटणार नाही, पण ओळ संपल्यासारखीही वाटणार नाही. कान पुढच्या ओळीची वाट पाहू लागेल. हे जमलं की समजा कॉर्ड लावणं ही निवड आहे, नियम नव्हे. पच्या कॉर्डमध्ये वरून एक म टाकला, प-नि-रे-म, की साकडे जाण्याची ओढ आणखी वाढते. तक्त्यात तिच्यापुढे सात लिहिलेलं असतं.

बटणांचं थोडक्यात. बऱ्याच कीबोर्डवर एका बोटानं अख्खी कॉर्ड वाजवायची सोय असते, तालासकट. ती पहिले तीन महिने बंद ठेवा, नाहीतर मोजणं कधीच येणार नाही. ट्रान्सपोजचं बटण मात्र वापरायला मी लाजत नाही. अधिक तीन केलं की पांढरी एकवरची बोटं काळी दोनमध्ये वाजतात. शुद्धतावादी नाक मुरडतील. त्यांना कुणी ऐन वेळी काळी दोन मागितलेली नाही. फक्त कार्यक्रम संपला की ते शून्यावर आणायला विसरू नका. पुढच्या वेळी सगळ्या मांडवाला कळतं.

राहता राहिला राग. इथे पेटीवाल्याचा जीव अडकतो आणि तो रास्तच आहे. कॉर्ड लावताना रागात नसलेला स्वर आत शिरतो. भूपात म आणि नि नाहीत. मची कॉर्ड लावली की मध्यम घुसला, पची लावली की निषाद. मग भूपाला काय उरतं? सा-ग-प आणि ध-सा-ग. दोनच, पण दोन्ही निखळ भूपाच्या, आणि त्या दोघींवर अख्खं भजन निभतं. मालकंसात पंचमच नाही, त्यामुळे साची कॉर्ड पुरीच होत नाही. तिथे म, कोमल ध, सा ही मायनर आणि कोमल ध, सा, कोमल ग ही मेजर, अशा दोन सापडतात.

भाचीनं हे सगळं वहीत मांडलं आणि मग दुर्गा काढला. सा रे म प ध. रे-म-ध मिळाली, म-ध-सा मिळाली. सासाठी गांधारच नाही. "मग सावर आल्यावर काय करू, मामा?" मी म्हटलं, मधलं बोट उचल. नुसते सा आणि प. मेजरही नाही, मायनरही नाही, तानपुऱ्यासारखे दोन स्वर, कुठल्याच रागाला त्यांचा त्रास नाही, पंचम वर्ज्य असलेले सोडून. गुरुवारच्या भजनात शंका आली की मी निम्मा वेळ हेच करतो, आणि अजून कुणी काही बोललेलं नाही.